आठ महिने वेब डेव्हलपमेंट शिकल्यावर: भिडस्त एचटीएमएल, फटकळ जावास्क्रिप्ट

सुरुवात केली तेव्हा ब्राउझर आणि इंटरनेट यांतला फरकही मला धड सांगता आला नसता. दिवसभर हिशेबाचं काम, आणि कोडिंगशी संबंध एक्सेलमधल्या व्हीलुकअप या शोधसूत्रापुरता. त्याला आता आठ महिने झाले. रोज तास-दीड तास, मध्ये तीन आठवडे चक्क खाडा. एवढ्या वापरानंतर काय हाताशी उरलं आणि काय फुकट गेलं ते लिहिते. नोकरी लागली का, हे विचारू नका, त्यासाठी शिकायला घेतलंच नव्हतं. लोक माझी पुस्तकं नेतात आणि परत देत नाहीत. त्याची नोंद ठेवणारं एक पान मला स्वतःच्या हाताने बनवायचं होतं, बस.

पहिले सात आठवडे एका विकतच्या व्हिडिओ कोर्सने खाल्ले. शिकवणारा बोलायला गोड होता. तो लिहील ते मी लिहीत होते आणि पडद्यावर पान उभं राहत होतं. आठव्या आठवड्यात एकटीने रिकामी फाईल उघडली आणि हात चालेना. एक बटण मधोमध आणायचं, तिथेच गाडी अडली. फळ्यावरचं सोडवलेलं गणित वहीत उतरवलं की ते आपल्याला आलं असं वाटतं, तसलाच प्रकार. त्यात कोर्स शिळा. तयार तुकड्यांतून पान रचायला मदत करणाऱ्या रिअ‍ॅक्टच्या भागात क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे प्रकल्पाची सुरुवात करून देणारं साधन वापरायला सांगत होते. ते साधन रिअ‍ॅक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलंय, हे मला बाहेरून कळलं. कोर्स घ्यायचाच असेल तर शेवटचा बदल कधी झालाय ते आधी बघा.

त्यानंतर दोनच गोष्टी वापरल्या आणि दोन्ही फुकट: वाचायला एमडीएन हा वेबच्या भाषांचा ऑनलाइन संदर्भग्रंथ, आणि बघायला ब्राउझरमधलं एफ-१२ दाबल्यावर उघडणारं इन्स्पेक्टचं पॅनल. माझा खरा कोर्स म्हणजे ते पॅनल. ते कसं वाचायचं हे पहिल्याच आठवड्यात कुणी शिकवलं असतं, तर दोन महिने तरी वाचले असते.

कारण नवशिक्याला कुणी सांगत नाही की पानाचा सांगाडा उभा करणारी एचटीएमएल, त्याला रूप देणारी सीएसएस आणि त्यात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट, या तीन भाषांचे स्वभाव वेगळे आहेत. एचटीएमएल आणि सीएसएस कमालीच्या भिडस्त. तुम्ही चुकलात तरी तोंडावर बोलणार नाहीत. एकदा लिंकचा टॅग, म्हणजे ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सांगणारी खूण, बंद करायला मी विसरले. कसलीही तक्रार नाही, फक्त त्याखालचं सगळं पान निळं आणि अधोरेखित झालं. पॅनलमध्ये पाहिलं तर मी न लिहिलेले टॅग तिथे हजर! तेव्हा उलगडा झाला की पॅनलमध्ये आपली फाईल दिसतच नाही. आपल्या लिखाणाचा ब्राउझरने जो अर्थ लावला, तो दिसतो. आपण काय लिहिलं होतं ते ‘व्ह्यू सोर्स’मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की चूक बहुतेक वेळा सापडते.

सीएसएस तर त्याहून मुखदुर्बळ. एका संध्याकाळी शीर्षकाचा रंग काही केल्या बदलेना. फाईल जोडलेली होती, सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) बरोबर होता, पान दहादा रिफ्रेश केलं. शाळेत शिकलेल्या ब्रिटिश स्पेलिंगनुसार मी ‘कलर’मध्ये यू घातला होता. सीएसएसला अमेरिकन स्पेलिंग लागतं. पॅनलमध्ये त्या ओळीवर काट मारलेली होती आणि शेजारी पिवळा त्रिकोण. म्हणजे सांगितलं होतं, पण कानात, तेही आपण जवळ गेलो तर. आधी संताप आला. मग कारण वाचलं तेव्हा पटलं: न कळलेली ओळ सोडून पुढे जायचं, हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे. हाकोन वियुम ली याने १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, १९९६ च्या डिसेंबरात पहिली प्रमाणित आवृत्ती आली, आणि तेव्हापासून त्यात भर पडतेच आहे. नवीन गुणधर्म दिसला म्हणून जुना ब्राउझर अडून बसला असता, तर कुणाला काही नवीन वापरताच आलं नसतं.

पॅनलमधला चौकटीचा नकाशाही सोडू नका. मी कार्डाची रुंदी ३०० पिक्सेल दिली होती. पडद्यावर भरत होती ३४२. आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना वीस-वीस आणि कडेची रेघ एक-एक, हे त्या तीनशेत धरलेलंच नव्हतं, वर चढवलेलं होतं. जन्म हिशेबात गेलाय, त्यामुळे ही बेरीज मला व्यक्तिशः लागली. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ केलं की सगळं तीनशेच्या आत बसतं. आता प्रत्येक फाईलची सुरुवात मी त्याच ओळीने करते.

मराठीत पान करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. शीर्षक जरा ऐसपैस दिसावं म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवू नका. रोमन लिपीत ते छान दिसतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते, आणि ‘पुस्तकं’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. नमुने बहुतेक इंग्रजी पानांवरून उचललेले असतात, त्यात ही गोम कुठेच सांगितलेली नसते.

जावास्क्रिप्ट फटकळ. ब्रेंडन आइक याने १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत लिहिलं, आणि त्या घाईच्या खुणा ती अजून अंगावर वागवते. पण चुकलात तर पॅनलमधल्या कन्सोल या भागात लाल अक्षरांत बोलते आणि जागच्या जागी थांबते. सुरुवातीला ती लाल ओळ दिसली की मी पॅनल बंद करायचे. खरंच! जणू ओरडा बसतोय. माझी पहिली लाल ओळ ‘नल’ची होती: जे नाहीच, त्यावर क्लिक कसं ऐकू, अशा अर्थाची. बटण तर समोर दिसत होतं. ओळीच्या उजव्या टोकाला फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, त्यावर टिचकी मारली की नेमकी जागा उघडते, हे कळायला मला महिना लागला. स्क्रिप्ट मी पानाच्या डोक्यात जोडली होती. ती चालली तेव्हा खालचं बटण जन्मालाच आलं नव्हतं. पान पूर्ण वाचून होईपर्यंत थांब, असं स्क्रिप्टला सांगणारा ‘डिफर’ हा एक शब्द घातला आणि प्रश्न मिटला.

फटकळ म्हटलं खरं, पण हिशेबात तीही मूग गिळून बसते. वाचलेल्या पानांची बेरीज करायला गेले, १२० आणि ८५. उत्तर आलं १२०८५. रकान्यात टाइप केलेला आकडा हा तिच्या लेखी मजकूर, आणि मजकुराला मजकूर जोडला की तो नुसता चिकटतो. वजाबाकी केली असती तर तिने निमूट आकडे समजून ३५ सांगितलं असतं. यावर मी चिडायचं सोडून दिलंय. आता रकान्यातून काहीही आलं की आधी ‘नंबर’मधून गाळून घेते.

यादी साठवायला लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधलीच साठवणीची जागा, वापरलं. पहिल्या दिवशी पुस्तकाची नोंद वाचायला गेले तर ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ एवढंच परत आलं. तिथेही फक्त मजकूर मावतो, नोंद आधी जेसन या मजकुराच्या रूपात बदलून ठेवावी लागते. मग फोनवर पान उघडलं तर यादी कोरी. डेटा त्या एका ब्राउझरच्याच पोटात असतो. सर्व्हर (सगळ्यांना पान पुरवणारा दूरचा संगणक) आणि डेटाबेस (नोंदींचं कोठार) कशासाठी लागतात हे व्याख्या वाचून डोक्यात शिरलं नव्हतं, त्या कोऱ्या यादीने शिरलं. तिकडे अजून वळलेले नाही.

पान इंटरनेटवर चढवलं त्या दिवशी सगळी मुखपृष्ठं गायब. नेटवर्कच्या टॅबमध्ये ४०४ ची, म्हणजे ‘फाईल सापडली नाही’ची, लाल रांग. फाईलच्या नावाचं शेपूट कॅमेऱ्याने कॅपिटलमध्ये दिलेलं, कोडमध्ये मी स्मॉल लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखंच, सर्व्हरवरच्या लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. तेव्हापासून सगळी नावं स्मॉल अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता.

बाकीचं थोडक्यात. गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन, लवकर शिका. चार आज्ञा पुरतात, आणि कालचं चालणारं पान आज परत मिळतं. रिअ‍ॅक्टमध्ये सहाव्या महिन्यात डोकावले आणि मागे फिरले, कारण चुकतंय ते माझं की त्याचं हेच ओळखता येईना. एआयकडून एकदा अख्खं शोधयंत्र लिहवून घेतलं. लगेच चाललं. तीन आठवड्यांनी त्यात लेखकाच्या नावाने शोधण्याची सोय घालायला बसले, तर स्वतःच्याच पानात पाहुणी. ते पुसून पुन्हा लिहायला चार संध्याकाळी गेल्या. आता त्याला फक्त लाल ओळ देते आणि म्हणते, अर्थ सांग, कोड देऊ नकोस. तरीही देतोच!

पान आता रोजच्या वापरात आहे, चोवीस पुस्तकं बाहेर आहेत. परवा मध्यरात्री साडेबाराला एक नोंद केली आणि तारीख आदल्या दिवसाची पडली. कन्सोल रिकामं, लाल काही नाही, पिवळंही नाही. पूर्वी असं झालं की मी कोर्सचा जुना व्हिडिओ पुन्हा लावायचे. या वेळी तारीख तयार होते त्या ओळीआधी आणि नंतर एकेक ‘कन्सोल लॉग’, म्हणजे त्या क्षणी काय आहे ते कन्सोलमध्ये छापणारी आज्ञा, टाकला. आधी बरोबर, नंतर चूक. मधली ओळ तारखेचा मजकूर करताना जागतिक वेळ धरत होती, आणि आपलं घड्याळ त्या वेळेच्या पुढे, म्हणून मध्यरात्रीनंतरचे काही तास तिच्या लेखी कालच असतं. महिना वेगळा काढून दुरुस्त करायला गेले तर भलताच आला, कारण जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी म्हणजे शून्य. त्यात एक मिळवला, गिटमध्ये ‘तारीख दुरुस्त’ असं लिहून ठेवलं आणि लॅपटॉप मिटला.