झूम नसलेल्या लेन्सबरोबर ११ महिने

ही ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतली ती एका रात्रीच्या फजितीमुळे. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स घेऊन कॉन्सर्टला गेले होते. तिचा झूम पुढे नेला की अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक एफ/५.६ वर येऊन बसतं, आणि हा आकडा मोठा तितकं भोक लहान. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/४० सेकंदाहून वेगवान होईना, आणि गाणारा माणूस काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही. दोनशेतले चार फोटो कामाचे निघाले, तेही तो दोन गाण्यांच्या मध्ये पाणी पीत असताना.

५.६ वरून १.८ वर आलं की जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. तसल्याच उजेडात आता आयएसओ ३२०० वर १/२०० मिळतं. ड्रमरच्या काठ्या तरीही हलतात, पण त्या हललेल्याच बऱ्या दिसतात.

पहिल्या महिन्यात मात्र या १.८ नेच मला रडवलं. दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला तर माझ्या क्रॉप सेन्सरवर (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. गायिका समोर, माइक तोंडाशी. कॅमेऱ्याला माइकची जाळी भारी आवडते, तो तिथेच फोकस धरतो. एका संध्याकाळचे सगळे क्लोजअप असे आले, की जाळीचं भोक न् भोक मोजून घ्या आणि डोळे धूसर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळतही नाही, घरी मोठं करून बघितल्यावर कळतं. तेव्हापासून मी मधोमध उभी राहत नाही. स्टेजच्या कडेला गेलं की चेहरा बाजूने दिसतो, माइक आणि डोळा साधारण एकाच अंतरावर येतात आणि ओठही झाकले जात नाहीत. शिवाय फोकसचा एकच पॉइंट ठेवते आणि पट्टा थोडा रुंद व्हावा म्हणून अ‍ॅपर्चर २.२ करते.

एलईडी दिव्यांपुढे मात्र कुठलीच लेन्स काही करू शकत नाही. सेन्सरवर दर चार पिक्सेलांमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. स्टेज निळ्याशार उजेडात बुडालं की चारांतला एकच पिक्सेल खऱ्या अर्थाने काम करतो, म्हणून असे फोटो फोकस बरोबर असूनही पिठूळ वाटतात. लाल दिव्याची तऱ्हा वेगळी. उजेड मोजणारा मीटर म्हणतो सगळं ठीक आहे, आणि लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, केव्हाच अति उजळ होऊन जळून गेलेला असतो. चेहऱ्यावर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढते, एक्स्पोजर थोडं खाली ठेवते आणि तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगवेगळा बघते. तरी बिघडलंच तर हिरव्या चॅनलमध्ये जे उरलंय त्यावरून फोटो कृष्णधवल करते. लोक त्याला माझी शैली म्हणतात. म्हणू देत.

शांत कार्यक्रमात वेगळंच दुखणं. मेकॅनिकल शटरचा 'खट्' आवाज नेमका गाणारा श्वास घेतो तेव्हा होतो आणि पुढच्या रांगेतली मान मागे वळते. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावावं तर एलईडीच्या लुकलुकण्यामुळे फोटोभर आडवे पट्टे उमटतात. मी आता ड्रम वाजायची किंवा टाळ्यांची वाट बघते. कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे थांबले तर उलट जास्त मिळतं. एकदा गिटारवाला नवी तार चढवत होता, बोटांच्या टोकांवर घट्टे, तार पिळताना कातडी पांढरी पडत होती. जवळ सरकले आणि लेन्सने मान टाकली, ती ४५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. मागे सरून काढला, नंतर कापून घेतला. घट्टे दिसतात, पण मला हवे तेवढे नाहीत.

माणसांच्या फोटोंसाठी हिला नावं ठेवायला जागा नाही. क्रॉपवर ती पूर्ण फ्रेमवरच्या ७५ एमएमसारखी दिसते, नाक मोठं येत नाही आणि समोरच्याशी बोलत बोलत फोटो काढता येतो.

प्रवासात मात्र पार निराशा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी जवळजवळ सगळं काम ५० एमएमवर केलं, हे प्रत्येक जण ऐकवतो. त्यांच्या लायका कॅमेऱ्यात ३५ एमएम रुंदीची फिल्म होती, म्हणजे पूर्ण फ्रेम, माझ्या सेन्सरहून मोठी. तोच कोन माझ्या कॅमेऱ्यावर हवा तर साधारण ३५ एमएमची लेन्स लागते, हे कोणी सांगत नाही. अरुंद गल्लीत पाठ भिंतीला टेकली तरी समोरचं दार फ्रेममध्ये मावत नाही. वैतागून भर वाऱ्यात उभ्या उभ्या लेन्स बदलली आणि सेन्सरवर धूळ गेली. १.८ वर ती दिसलीच नाही. पुढे डोंगरावर एफ/११ वर आकाश काढलं तेव्हा तीन काळे ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी.

तक्रारी अजून आहेत. मागून प्रखर दिवा आला की हिरवट ठिपके तरंगतात, लेन्सपुढे हूडचा आडोसा लावल्यावर कमी होतात. झांजेच्या कडेला जांभळी किनार येते, २.८ वर बरीचशी जाते. अंधारात फोकस पुढे-मागे चाचपडतो, मग पेहरावाची एखादी उजळ कड शोधून द्यावी लागते. सातव्या महिन्यात फोकसची मोटर कुरकुरायला लागली. दुरुस्तीला दिली तर तीन आठवड्यांनी परत आली, काय केलं ते कोणी सांगेना, कुरकुर मात्र थांबली.

परवाच्या कॉन्सर्टला १६० फोटो काढले, ३१ ठेवले. प्रवासाला आता १८-५५ कॅमेऱ्याला लावूनच निघते. ही पिशवीत असते, जुन्या मोज्यात गुंडाळलेली, अंधार पडला की बाहेर येते.