चेक-इन बॅगेतून बाटल्या नेण्याची पिशवी: नीट वापरून लिहिलेला अभिप्राय

बाटलीच्या आकाराची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, आतून बबल रॅपचं अस्तर, तोंडाला आधी झिप आणि मग दुमडून दाबायचं वेल्क्रो. ऑनलाइन शोधलं तर हीच वस्तू कितीतरी नावांनी मिळते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशा पिशव्या मी बऱ्याच प्रवासांत वापरल्या आहेत आणि मला त्या आवडतात. पण पाकिटावर जे ठळक छापलेलं असतं, की 'बाटली फुटणार नाही', ते मला अजिबात पटत नाही. बाटली फुटू न देणं हे या पिशवीचं खरं कामच नव्हे. फुटलीच, तर आतली वाईन बॅगभर होऊ न देणं हे तिचं काम, आणि ते ती फार चांगलं करते. घेणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा, कारण छापलेल्या वाक्यावर विसंबून लोक बाटली पिशवीत घालतात आणि बॅगेत कुठेही ठेवून देतात.

पिशवी हातात घेतली की सगळ्यात आधी तळ बघा. बाजूंना बबलचे फुगे व्यवस्थित असतात, खांद्यालाही असतात, पण तळाशी प्लास्टिकचे दोन थर वितळवून चिकटवलेले असतात आणि त्या शिवणीवर फुगा नसतो. बाटलीची तळकड नेमकी तिथेच टेकते. बॅग बेल्टवर आदळली की पहिला मार तळकडीला किंवा खांद्याला बसतो. मी तळाशी एक जाड मोजा घडी करून घालते आणि मग बाटली आत सोडते. एखाद्या कंपनीने अस्तर तळाखालून वळवून आणलं असेल, तर डोळे मिटून तीच पिशवी घ्यावी.

गळतीची परीक्षा घरी घेता येते आणि प्रत्येकाने नवी पिशवी आली की ती घ्यावीच. अर्धी पिशवी पाण्याने भरायची, झिप लावायची, वेल्क्रो दाबायचं आणि बादलीवर उलटी धरून थोडा वेळ हलवायची. चांगल्या पिशवीतून काहीही येत नाही. कमअस्सल पिशवीत पाणी येतं ते झिपच्या मधून नाही, तर अगदी टोकाच्या कोपऱ्यातून, जिथे झिप आणि बाजूची शिवण एकमेकांना मिळतात. तिथे आधी नुसती ओल दिसते, मग एक थेंब जमतो आणि घरंगळतो. असा एक थेंब दिसला तरी ती पिशवी परत करा. प्रवासात बाटली फुटली तर पाऊण लिटर द्रव त्याच कोपऱ्यावर तासन् तास दाब देत राहणार आहे.

झिप लावण्यापूर्वी आतली हवा हाताने दाबून काढायची, हे सूचनापत्रकात असतं, पण का काढायची ते लिहिलेलं नसतं. प्रवासी विमानाच्या सामानकक्षात साधारण केबिनइतकाच हवेचा दाब असतो. उड्डाणात तो जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे कमीत कमी समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. त्यामुळे कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगू पाहते. पिशवीत हवा भरपूर राहिली असेल, तर ती झिपला आतून ढकलत राहते.

हाच दाब ऐकून लोक घाबरतात की सीलबंद बाटल्या विमानात फुटतील. शॅम्पेनच्या बाटलीत मुळात पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो आणि काच, बूच, वरची तार हे सगळं तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. बाहेरचा दाब पाव वातावरणाने उतरला तर त्या बाटलीला काही फरक पडत नाही. खरा त्रास होतो तो एकदा उघडलेल्या बाटलीत. ज्यूस किंवा सिरप अर्धं उरलेलं, वर भरपूर हवा, आट्याचं झाकण हाताने परत फिरवलेलं. ती हवा फुगते आणि द्रव झाकणाच्या आट्यांतून बाहेर यायला बघतो. प्लास्टिकची बाटली असेल तर ती दाबून हवा काढावी आणि तशीच दाबलेली असताना झाकण घट्ट करावं, म्हणजे वर गेल्यावर तिला फुगायला जागा राहते. झाकणावरून घट्ट गुंडाळलेली प्लास्टिक फिल्म झाकण सैल होऊ देत नाही. अशा बाटलीसाठी मात्र ही पिशवी हवीच, इथे दुसरा विचार नको.

हवा भरून फुगवायच्या नळ्यांची पिशवी हा दुसरा प्रकार मी वापरून पाहिला आहे. मार झेलण्यात ती बबलवालीपेक्षा नक्कीच सरस. प्रत्येक नळीला स्वतंत्र झडप असते, त्यामुळे एक नळी टोचली गेली तरी बाकीच्या टिकतात. पण ती जमिनीवर टम्म फुगवायची नाही. बोटाने दाबल्यावर सहज खळगा पडेल इतकीच भरायची, उरलेलं काम उंचीवर हवा स्वतः करते. तिची मोठी उणीव म्हणजे तोंड उघडं असतं. बाटली फुटली तर सगळं कपड्यांवर. त्यामुळे ठेवणीतल्या बाटलीला मी दोन्ही लावते: आत झिपची पिशवी, बाहेर हवेची. जागा जास्त जाते, ते मला मान्य आहे.

फोमचे साचे असलेल्या कडक सूटकेसही मिळतात. डझनभर बाटल्या न्यायच्या असतील तर त्या उत्तम, पण 750 मिलीची भरलेली वाईनची बाटली साधारण सव्वा किलोच्या पुढेच भरते. बारा बाटल्या आणि वर सूटकेसचं वजन धरलं की 23 किलोची मर्यादा जवळजवळ संपते. एकदोन बाटल्यांसाठी त्याची गरज नाही.

पिशवी कितीही चांगली असली तरी बाटली वाचते ती बॅगेतल्या जागेमुळे. बॅगेच्या बरोबर मध्ये, कडांपासून आणि चाकांच्या बाजूपासून लांब, सगळीकडून किमान चार बोटं कपडे. मानेभोवतीची पोकळी मऊ कपड्याने भरायची, नाहीतर तिथे बाटलीला डुलायला वाव मिळतो. दोन बाटल्या असतील तर त्यांच्यामध्ये स्वेटर किंवा जीन्ससारखं काहीतरी जाड हवंच, कारण काच काचेवर आपटली तर बबलचा एक थर पुरत नाही. बॅग बंद केली की उभी धरून जोरात हलवायची. आत काही सरकल्याचं हाताला जाणवलं तर उघडून पुन्हा भरायची. अर्धी रिकामी बॅग ही बाटलीसाठी सगळ्यात वाईट.

बिअर किंवा सोड्याच्या कॅनसाठी मी ही पिशवी सुचवणार नाही. कॅनची ॲल्युमिनियमची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ असते. ती आपटून फुटण्यापेक्षा चार्जरच्या पिनेसारख्या टोकाने टोचली जाण्याची भीती अधिक. बाटलीच्या पिशवीत कॅन आडवातिडवा होतो. त्यापेक्षा एकेक कॅन साध्या झिपच्या पिशवीत घालून बुटात खोचावा, बूट त्याला चारही बाजूंनी धरून ठेवतो. उन्हात धावपट्टीजवळ सामान थांबतं तेव्हा कॅनमधला दाब वाढतो, म्हणून कॅन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कधीच ठेवू नयेत.

पारदर्शक असणं हा या पिशवीचा मला सगळ्यात आवडलेला गुण, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. तपासणीसाठी चेक-इन बॅग तुमच्या मागे उघडली जाऊ शकते. गुंडाळ्यावर गुंडाळ्या आणि चिकटपट्टी मारलेली बाटली दिसली की तपासणारा ती सोडवणार, आणि परत तशीच बांधून ठेवेल याची खात्री कोण देणार? पारदर्शक पिशवीत लेबल आणि सील बाहेरूनच वाचता येतं. लेबल बबलच्या मागे झाकलं जाणार नाही अशा बेताने बाटली फिरवून ठेवते मी.

लेबल वाचता येण्याला आणखी एक कारण आहे. हवाई प्रवासाच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर, म्हणजे बिअर आणि बहुतेक सगळ्या वाईनवर, प्रमाणाची मर्यादा नाही. 24 च्या वर 70 टक्क्यांपर्यंत माणशी एकूण पाच लिटर, तेही दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्ये. 70 च्या वर असेल तर न्यायचंच नाही. उतरल्यावर किती आणता येईल हे त्या त्या देशाचं कस्टम ठरवतं आणि एखादी विमान कंपनी जास्त कडकही असू शकते, तेव्हा निघण्यापूर्वी दोन्हीकडे बघून घ्यावं.

एक रिकामी पिशवी घडी करून केबिन बॅगेत ठेवा. वाटेत ड्यूटी फ्रीमधून बाटली घेतली आणि पुढच्या विमानाआधी सामान ताब्यात घेऊन परत जमा करायचं असेल, तर पुढच्या सुरक्षा तपासणीत हातातल्या सामानातल्या द्रवांसाठीचा 100 मिलीचा नियम त्या बाटलीला आडवा येऊ शकतो. अशा वेळी ती तिथल्या तिथे पिशवीत घालून मोठ्या बॅगेत टाकता येते.

टिकाऊपणाला मी मध्यम म्हणेन. बबल सहसा शेवटपर्यंत टिकतात, आधी थकतं ते वेल्क्रो. त्यात लोकरीचे धागे आणि धूळ अडकते आणि पकड सुटते. जुन्या टूथब्रशने ते साफ केलं की बरंच सुधारतं. झिपच्या खाचेत वाळलेला साखरेचा कण राहिला तर झिप तेवढ्या जागी नीट बसत नाही, म्हणून सिरप गळलं असेल तर पिशवी कोमट पाण्याने धुऊन, उलटी टांगून, अस्तरामागचा ओलावा जाईपर्यंत वाळू द्यावी. बादलीवरची परीक्षा प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी पुन्हा घ्यावी, आणि कोपऱ्यात ओल दिसायला लागली की ती पिशवी बुटांसाठी ठेवून बाटलीसाठी नवी घ्यावी.