गाणं अटकते तर एसएसडी टाकावी का रॅम वाढवावी?

मंडळाच्या जुन्या खंजिरी भजनाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेणारे आपल्याकडे गावोगावी आहेत अन् बहुतेकांचं रडगाणं एकच, इकडे एमपीथ्री बनायला लावली की तिकडे वाजणारं भजन अटकते. दुकानवाला म्हणतो रॅम (चालू कामाची मेमरी) टाका, पोरगा म्हणतो एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका. खिशात हात घालायच्या आधी एक करा भाऊ, गाणं अटकते त्याच वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा अन् डिस्क, मेमरी (म्हणजे रॅम), सीपीयू (हिशोब करणारी मुख्य चिप) यातलं काय भरलं ते पहा.

डिस्क १०० टक्क्यावर टेकली असेल (म्हणजे जागा संपली असं नाही, डिस्क सतत कामात आहे) तर एसएसडीच घ्या. सीडी क्वालिटीची वेव्ह फाईल (न दाबलेला मूळ आवाज) वाजवायला सेकंदाला पावणेदोनशे केबीच लागतात, म्हणजे काहीच नाही, पण अँटीव्हायरस, विंडोज अपडेट अन् कन्व्हर्टर तिघंही एकदम मागायला लागले की हार्डडिस्कचं डाटा वाचणारं हेड इकडून तिकडे पळत राहते अन् प्लेयरला वेळेवर डाटा भेटत नाही. एसएसडीत हेडच नाही. मात्र एमपीथ्री बनायचा वेग तिच्यानं फारसा वाढत नाही, ते काम सीपीयूचं.

रॅमचं थोडक्यात सांगतो. ४ जीबी असेल, क्रोमच्या गंज टॅब उघड्या असतील अन् मेमरी ९० टक्क्याच्या वर असेल तरच उपयोग, कारण एन्कोडिंगला (एमपीथ्री बनवायला) स्वतःला रॅम फार कमी लागते. घेताना डीडीआर३ का डीडीआर४ ते बोर्डावर पाहून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

आणि सीपीयू भरलेला दिसला तर दोन्हीवर पैसे घालू नका! लेम एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) एका फाईलला सीपीयूचा एकच कोर, म्हणजे एकच भाग वापरतो, पण काही कन्व्हर्टर जितके कोर तितक्या फाईली एकदम घेतात, तिथं एकच फाईल ठेवा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कन्व्हर्टरवर राईट क्लिक करून प्रायॉरिटी 'बिलो नॉर्मल' करा, म्हणजे प्लेयरचा नंबर आधी लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात हीटसिंकमध्ये (सीपीयू थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) धुळीचा थर बसलेला असला की सीपीयू तापून स्वतःच वेग कमी करते. सकाळी चांगलं चालते अन् दुपारी अटकते असं होत असेल तर आधी धूळ काढा, सीपीयू अन् हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदला.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, वेव्हची एमपीथ्री बनताना ऐकायला खरखर आली तरी नवी फाईल बिघडत नाही, पण कॅसेट रेकॉर्ड करताना जे तुटलं ते फाईलमध्ये कायमचं तुटलं. म्हणून रेकॉर्डिंग सरळ वेव्हमध्ये घ्या, ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी जातील, जाऊ द्या, अन् कन्व्हर्ट नंतर लावा. त्या कॅसेटी दरवर्षी खराब होत चालल्या, परत वाजतील याचा भरोसा नाही.

मेमरी अन् डिस्क दोन्ही भरलेले दिसले अन् बजेट एकाचंच असेल तर मी एसएसडी म्हणेन, कारण रॅम भरली की विंडोज डिस्कवरच लिहिते अन् ते लिहिणंही एसएसडीवर लवकर होते.