राजारामपुरीतलं मेडिकल : सुई महाग, हिशोब नीट

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत खानावळ चालवते. सकाळी साडेनऊला पांढरा रस्सा उतरतो, मागोमाग तांबडा, आणि मीठ-तिखट बघायला पळी माझ्याच तोंडाला लागते. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळं गेल्या वर्षी काट्यावर 88 किलो दिसले तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. उंची पाच फूट एक इंच. साखर सात वर्षांपासून, गुडघे त्याच्याही आधीपासून. डॉक्टरांनी मौंजारोची, म्हणजे साखर आणि वजन दोन्ही उतरवणाऱ्या सुईची, चिठ्ठी दिली. आठवड्याला एक सुई, पहिले चार आठवडे अडीच मिलिग्रॅम, मग पाच.

ती चिठ्ठी घेऊन आधी गेले ते हे मेडिकल नव्हे, दुसरंच. त्याचं नाव घेत नाही. मे महिना, दुपारचे दोन. साडेतीन हजारांची अंगठ्याएवढी बाटली त्यानं खोकल्याच्या गोळ्या द्याव्यात तशी कागदी पिशवीत टाकून पुढं सरकवली. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, बिल हवं असेल तर सूट नाही. दुधाची पिशवीसुद्धा मी त्या उन्हातनं अशी आणत नाही. बाटली काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडले.

राजारामपुरीतल्या या मेडिकलमध्ये नणंदेनं पाठवलं. इथल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता. "वैनी, फ्रिज कसा आहे? बाटली कुठल्या कप्प्यात ठेवणार?" मी म्हटलं, वरच्या, बर्फाजवळ, चांगली गार राहील. त्यांनी कपाळाला हात लावला. हे औषध 2 ते 8 डिग्रीत राहायला पाहिजे, एकदा गोठलं की फेकून द्यायचं. मधल्या कप्प्यात ठेवा, खोक्यासकट, आणि दारात ठेवू नका, तुमच्या घरी फ्रिजचं दार दिवसातनं शंभर वेळा उघडत असणार. खानावळीचा फ्रिज त्यांनी न बघता ओळखला. मग छोट्या थर्माकोलच्या डब्यात जेलची गार पिशवी, तिच्यावर फडकं, त्यावर बाटली. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर.

आता पैशाचं. पहिल्या महिन्यात चार बाटल्यांचे 14,000. पाचचा डोस सुरू झाल्यावर एक बाटली तेव्हा 4,375 ला पडायची, म्हणजे महिन्याला 17,500. मटणाचा दर वाढला म्हणून 2019 साली आंदोलन करणारं आमचं कोल्हापूर, पण या सुईच्या दरासाठी कुणी रस्त्यावर येत नाही, कारण घेणारा गुपचूप घेतो. मीसुद्धा पहिले दोन महिने सासूबाईंना व्हिटॅमिनची सुई म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, दादा, एवढं एकदम जमायचं नाही. ते म्हणाले, एकदम घ्यायला सांगितलंय कुणी? बाटली एका वेळची असते, आठवड्याला एक न्या. हे ऐकायला साधं वाटतं, पण माझ्यासारखीला हाच फरक मोठा. माझा गल्ला रोजचा. 4,375 भागिले सात, सव्वासहाशे रुपये. रोज डबे गेले की तेवढे चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि शनिवारी तो डबा घेऊन राजारामपुरी गाठायची. ऑगस्टमध्ये याच औषधाचं पेन आलं. टोचायला सोपं, पण चार आठवड्यांचा डोस एकाच पेनात, म्हणजे पैसे एका दमात. दादांना त्यात बिल मोठं मिळालं असतं. तरी त्यांनीच सांगितलं, तुम्ही बाटलीवरच राहा.

तरीही गणपतीत डबा रिकामा झाला. तेव्हा गल्लीतल्या भिशीचा नंबर मी मागून आधी घेतला. बायका चिडवत होत्या, भिशी सोन्याला लावायची सोडून ही पोटाला लावते.

मेडिक्लेमचं विचाराल तर मीही विचारलं होतं. वजन कमी करायचे उपचार पॉलिसीत वगळलेले असतात. ऑपरेशन असेल तर आणि तेही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, किमान 40, किंवा किमान 35 असून सोबत गंभीर आजार असेल तर, अशा अटी. एजंट म्हणाला, काकू, पोट कापायचं ठरवलंत तर बघता येईल. महात्मा फुले योजना दवाखान्यातल्या ठरलेल्या उपचारांना आहे, मेडिकलच्या काउंटरवरच्या बिलाला नाही. ऑनलाइन सूट दिसायची, पण ती पेटी दुपारभर कुठल्या टेम्पोत तापली हे मला कोण सांगणार? इचलकरंजीच्या एका नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर दुबईच्या पेनांचे फोटो पाठवले, निम्म्या दरात. फोटो दादांना दाखवला. ते एवढंच म्हणाले, "बिल कुठंय?"

त्यांचं एक वागणं तर मला दुकानदारीत न बसणारं वाटलं. माझ्या चिठ्ठीवर साखरेची मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळीपण असते. ते म्हणाले, या दोन जनऔषधी केंद्रातनं घ्या, तीच औषधं, कितीतरी स्वस्त. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः दुसऱ्याकडं लावून दिलं. महिन्याला माझे तीन-साडेतीनशे तरी वाचले, आणि सुईच्या हिशोबात तीनशे म्हणजे अर्धा दिवस. 22 सप्टेंबर 2025 ला औषधावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हाही मी काही बोलायच्या आत नव्या दरानं बिल केलं. बाटलीमागं दोनशेच्या वर फरक.

नोव्हेंबरमध्ये वेगोव्ही या वजनाच्याच दुसऱ्या सुईचे दर उतरले. सुरुवातीच्या डोसचा महिना 17,345 चा 10,850 झाला. मी पेपरातलं कात्रण घेऊन गेले, हे द्या म्हणून. दादांनी दिलं नाही, म्हणाले, मौंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइड, वेगोव्ही म्हणजे सेमाग्लुटाइड, दोन वेगळी औषधं, अदलाबदल डॉक्टर करतील, मी नाही. मी जरा तणतणले. डॉक्टर म्हणाले, साखर बसलीय, आत्ता हलवायचं नाही. मग मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली आणि आपल्याकडच्या कंपन्यांची औषधं आली. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःहून नवी चिठ्ठी दिली, डोस पुन्हा तळापासून चढवत नेला. आता महिन्याचं बिल पाच हजारांच्या आत आलंय. दादांनी सुरुवातीला महिन्याभराचं द्यायचं टाळलं, आधी पोटाला सोसतंय का बघा म्हणाले. सोसलं, पण पहिल्या पंधरवड्यात कांदा-खोबरं परतल्याच्या वासानं मळमळायचं. खानावळवालीला हे म्हणजे शिंप्याला सुईची भीती. रस्सा चाखायला पोरगीला उभं केलं. तिनं दोन दिवस मीठ जास्त टाकलं, डब्यावाली मुलं काही बोलली नाहीत.

वजन आज 77. गुडघा जिना चढताना बोलत नाही. ते श्रेय औषधाचं आणि डॉक्टरांचं, मेडिकलचं नव्हे, हे मान्य.

आता तक्रारी. दादांना हळू बोलता येत नाही. भर गर्दीत, "वैनी, या आठवड्यात किती उतरलं?" माझ्या मागं आमच्या डब्याचा एक प्राध्यापक उभा होता. त्यानं तेव्हापासून स्वतःच्या डब्यातली एक चपाती कमी करायला सांगितली आहे, चार पैसे माझेच गेले. दुसरं, रविवारी दुकान बंद आणि शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते. मी आता दुपारी तीनला जाते, तेव्हा ते जेवत असतात आणि डबा झाकून उठतात, त्याचं वाईट वाटतं. तिसरं, फोन कधीच उचलत नाहीत. औषध शिल्लक आहे का हे बघायला प्रत्यक्ष जावं लागतं.

पाचातले चार तारे. जाणार असाल तर चालू चिठ्ठी घेऊन जा, जुनीचा फोटो चालत नाही. आणि थर्माकोलचा डबा परत न्यायला विसरू नका. मी एकदा विसरले, तर दुसरा दिला खरा, पण पन्नास रुपये अनामत लावून, आणि ती बिलात लिहून.