व्हिडिओ बघून ड्रम किट घेतलं, ७५,६५० रुपये गेले

आधी आकडे सांगतो. टोकन ८,०००. उरलेले ६२,०००. ट्रान्सपोर्टचं भाडं ३,८५०, हमाली ३००, आणि "हे काय उचलून आणलंत?" एवढं विचारायचे दुरुस्तीवाल्याने घेतलेले १,५००. एकूण ७५,६५०. घरी मी सत्तरच सांगितलेत. बायकोने हे वाचलं तर वाचू दे, एक भांडण त्यात भांडण.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड. लग्नसराई, गणपती, जत्रा, सगळं आलं त्यात. म्हणजे काठी हातात धरायची कशी हे माहीत नसलेला हौशी गिऱ्हाईक मी नव्हे. म्हणूनच जास्त जळतं. नवशिका फसला तर लोक म्हणतात बिचारा. माझ्याकडे बघून ग्रुपमधला कीबोर्डवाला अजून हसतो.

खरा ड्रम सेट फ्लॅटमध्ये ठेवता येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, बायपास झालेले. म्हणून इलेक्ट्रॉनिक किट, तेही जाळीच्या पॅडचं. रबरी पॅडवर वाजवलं की हेडफोनमध्ये तुम्हाला ड्रम ऐकू येतो आणि खालच्यांना ठक ठक. जाळी ताणलेली असते, काठी खऱ्या चामड्यासारखी उसळते आणि आवाज बराच कमी होतो. रोलँडचं टीडी-१७केव्हीएक्स माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. त्यात १२ इंची स्नेअर (मधला मुख्य ड्रम), खऱ्या स्टँडवर बसणारा व्हीएच-१० हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची झांज) आणि घंटीला, म्हणजे मधल्या उंचवट्याला, वेगळा आवाज देणारी राइड ही मोठी झांज. नवं घ्यायचं तर दीड लाखाच्या पुढे. म्हणून जुनं.

"दुकानात जाऊन वाजवून का बघितलं नाही?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: कुठल्या दुकानात? सांगली-कोल्हापूरकडे फिरलो. ऑक्टोपॅड आहेत, कीबोर्ड आहेत, गिटारी लटकलेल्या आहेत. असलं किट म्हटलं की "ऑर्डर द्या, मागवून देतो." मी राहतो त्या मिरजेत तंबोरा घ्यायला माणूस आला तर सतारमेकरांच्या गल्लीत तासभर बसतो, तारा छेडतो, तारेचा झंकार ठरवणाऱ्या जव्हारीवरून कारागिराशी वाद घालतो आणि मगच पाकिटाला हात लावतो. त्याच गावात बसून मी मोबाइलवर सत्तर हजारांचं वाद्य घेतलं.

ऑनलाइन जाहिरात दिसली, विकणारा बंगळूरचा. पहिल्याच फोनला म्हणाला, "दादा, मी मूळचा बेळगावचा, आपलाच माणूस." मराठी गोड, बेळगावी हेल तंतोतंत. कंपनी परदेशात पाठवतेय म्हणून किट विकायचंय. हे कारण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, मीही ऐकलं होतं. पण लष्करातली बदली सांगणारे आणि क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे मिळतील" म्हणणारे वेगळे, असं मला वाटलं. हा तर मला विचारत होता की तुम्ही ढोलकीचा पॅच, म्हणजे साठवलेला आवाज, कुठल्या पॅडला लावता. चोर असं विचारेल का? आता कळतं, विचारेल. त्याच्या धंद्याचं भांडवलच ते आहे.

७८,००० वरून ७०,००० वर आला. व्हिडिओ कॉल मागितला तर नेटवर्क खराब. तरी मिनिटभर कॅमेरा लावला आणि मॉड्यूलचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याचा, स्क्रीन दाखवला, बटणं दाबून पॅच बदलून दाखवले. मॉड्यूल अस्सल होतं. फक्त तेवढंच अस्सल होतं, हे नंतर कळलं. मग आला तो व्हिडिओ.

दीड मिनिटाचा. समोर काळंभोर किट, पांढऱ्या मोज्यांतला माणूस, वरून स्वच्छ आवाज. सुरुवातीला सरळ आठाचा ठेका. मग हाय-हॅट अर्धा उघडतो, छ्‌स्स, आणि पुन्हा बंद, टिक. ऐकायला झकास. आणि त्याच क्षणी वाजवणाऱ्याचा डावा पाय स्टुलाच्या मागे घेतलेला दिसतो. पेडलवर नाहीच. जमिनीवर, बोटं दुमडून.

हे मी पाहिलं. हुकलं असं नाही, पाहिलं. थांबवून पुन्हा पाहिलं. हाय-हॅट उघडायचा तर डावा पाय उचलावा लागतो, हे ड्रम शिकणारं पोरगं पहिल्या महिन्यात सांगेल. आवाज एका किटचा आणि चित्र दुसऱ्याच कुणाचं. मूळ व्हिडिओत कुणीतरी भलत्याच भाषेत बोलत असणार, म्हणून याने वरून आवाज चिकटवला, असं माझं मत. पण त्या रात्री मी स्वतःला काय सांगितलं? की मॉड्यूलमधली तयार गाणी लावली असतील आणि हा वरून वाजवतोय. अशी गाणी त्यात असतात, खोटं नाही. आवाज कुठून आला हे इलेक्ट्रॉनिक किटमध्ये डोळ्यांना कळतच नाही. पॅडखालचा सेन्सर फक्त ठोक्याचा झटका पाठवतो, आवाज काढतं ते मॉड्यूल. पॅड मेलेला असो की जिवंत, व्हिडिओत सारखाच देखणा. त्यातून तिकडे दुसरा एक जण ७२ द्यायला तयार आहे असं हा सांगत होता. तुम्ही असता तर तुम्हीही पटवून घेतलं असतं.

टोकन गेलं. त्यानंतर त्याचा मेसेज आला: "जसं आहे तसं, नंतर तक्रार चालणार नाही, ओके ना दादा?" मी अंगठा पाठवला. हा अंगठा लक्षात ठेवा, पुढे पोलीस ठाण्यात तो माझ्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला. ज्याला माल चांगला असल्याची खात्री आहे तो टोकन घेतल्यावर अटी घालत नाही. अट आली की टोकन सोडून द्या. आठ हजार जातात, बासष्ट वाचतात. मी बासष्टही पाठवले.

मिरजेहून दुपारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी बंगळूर. स्लीपरचं तिकीट काही शे रुपयांचं. कार्यक्रमाची सुपारी होती, वेळ नव्हता, हे खरं. पण आता हिशोब केला की कानशिलं तापतात.

माल ट्रान्सपोर्टने आला, भाडं 'टू पे'. आधी ३,८५० भरा, मग खोके उघडा. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, काय लिहिलं होतं वाचा: "जुने घरगुती सामान, किंमत रु. ५,०००." मी ती वाचली ती घरी आल्यावर.

स्नेअर १२ नव्हे, ८ इंची, मध्ये जाळीला खळगा पडलेला. मधोमध मारलं की कान फाटतो, दोन बोटं बाजूला मारलं की आवाज पळून जातो. दोन टॉम, म्हणजे बाजूचे ड्रम, चक्क रबरी, भलत्याच बनावटीचे, वर रोलँडचा स्टिकर, तोही तिरका. व्हीएच-१० नाहीच. त्याच्या जागी एक छोटा रबरी पॅड आणि बिननावाचं पेडल. मॉड्यूल त्याला एकतर पूर्ण उघडा समजतं नाहीतर पूर्ण बंद, अधलंमधलं काही नाही. राइडच्या घंटीवर मारलं तरी आवाज साध्या कडेचाच. बास ड्रमच्या पॅडवर एक लाथ मारली की दोन ठोके. आणि अडॅप्टर १२ व्होल्टचा. नशीब, तो लावायच्या आधी मॉड्यूलच्या मागे ९ व्होल्ट लिहिलेलं दिसलं, नाहीतर जे एक अस्सल होतं तेही जळालं असतं. जुनं किट आलं की कुठल्याही अडॅप्टरची पिन बसते म्हणून खुपसू नका.

त्याला फोन केला. पहिल्या दिवशी, "दादा, सेटिंग करावं लागतं, हाय-हॅटचा ऑफसेट लावा." लावायचं असतं हे खरं, पण खऱ्या हाय-हॅटला. दुसऱ्या दिवशी, "ट्रान्सपोर्टवाल्याने बदललं असेल." तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता सरकारी दारं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरचं खातं गोठवता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझे पैसे गेले तेव्हा मला आपण फसलोय हे माहीतच नव्हतं, माल वाटेत होता! पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सर, वस्तू मिळाली का?" मिळाली म्हटलं. "मग हा ऑनलाइन फ्रॉड कसा?" पोर्टलवर तक्रार घेतली, नंबर दिला. त्या नंबरचं पुढे काय झालं ते त्या नंबरलाच ठाऊक.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो. "मग व्यवहार तुमच्या संमतीने झालाय." पुढचं टोकन, नेक्स्ट.

पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी चॅट स्वतः वाचलं, अंगठ्यापर्यंत आले आणि मोबाइल परत दिला. "तुम्ही हो म्हणालाय की. सामान आलंय, थोडं इकडचं तिकडचं निघालं. हा दिवाणी मामला." बिल्टी दाखवली. तर म्हणे, "इथं पाच हजार लिहिलंय, तुमचं नुकसान सत्तर कसं?" मी म्हटलं, साहेब, खोटी वस्तू खरी सांगून पैसे उकळणं म्हणजे चारशेवीस, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८. ते हसले. "कलम आम्हाला शिकवू नका. माणूस बंगळूरचा, तिकडे जाऊन तक्रार द्या." आता हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. झिरो एफआयआर म्हणतात, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे. तेही सांगितलं. मग आवाज चढला, पाणी विचारलं गेलं, आणि अर्ज "चौकशीवर" ठेवला गेला. चौकशी म्हणजे अर्जाची पोच हवी तर उद्या या. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला. आमच्या भागात बारा महिने कसला ना कसला बंदोबस्त असतोच.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तर कहर. "विक्रेता दुकानदार आहे की खाजगी व्यक्ती?" खाजगी. "मग जुन्या वस्तूची दोन व्यक्तींमधली विक्री आमच्याकडे येत नाही." बरं. वर विचारलं, वाद्याचा उपयोग काय करता? कार्यक्रमात वाजवतो म्हटलं. "म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही." अहो, २०१९ च्या कायद्यातच स्पष्ट लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरायची नाही. मी काय ड्रम किटचा कारखाना काढणार होतो? फोन ठेवला गेला. चोराने निदान दादा तरी म्हटलं होतं.

म्हणजे काय, तर काहीच न पाठवणारा चोर हा अडाणी चोर. शहाणा चोर खोक्यात काहीतरी घालून पाठवतो. खोकं तुमच्या दारात आलं की कुठल्याच टेबलावर तुम्ही फसलेले ठरत नाही.

नवं किट, पक्कं बिल, वॉरंटी असेल तर न वाजवता घ्या, माझी हरकत नाही. नाही आवडलं तर पस्तावाल, पण जे छापलंय तेच येईल. जुनं न वाजवता घेणं मात्र मटका. आणि वाजवायचं म्हणजे दोन रोल मारून उठायचं नाही. स्वतःच्या काठ्या, स्वतःचा हेडफोन न्या. स्नेअर मधून कडेपर्यंत हळूहळू मारत जा. हाय-हॅटचं पेडल मिलिमीटरने उचला. राइडची घंटी, कड, पृष्ठ, तिन्ही वेगवेगळी ऐका. एका टॉमवर जोरात मारा आणि दुसरा आपोआप वाजतो का बघा. मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू करायला लावा. जाता येत नसेल तर त्या गावातला एखादा वाजवणारा शोधा, त्याला हजार-पाचशे द्या. कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो स्नेअरवर ठेवायला सांगा आणि एकही कट नसलेला व्हिडिओ मागा, दोन्ही पाय दिसले पाहिजेत. नकार आला तर बोलणं बंद. प्रत्येक भागाचा मॉडेल क्रमांक चॅटमध्ये त्याच्याकडून लिहून घ्या, तुम्ही लिहू नका. पैसे भरायच्या आधी बिल्टीचा फोटो मागा आणि त्यावरची किंमत वाचा. आणि अंगठा पाठवू नका, कुणालाच.

मॉड्यूलला मी माझे जुने पॅड जोडलेत, ते चालतं. रबरी टॉम माळ्यावर आहेत. एकाने तीन हजारांना मागितले, स्टिकर काढून देतो म्हटलं तर त्याला स्टिकरसकट हवे होते. दिले नाहीत.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, गाव आता हुबळी, किंमत ६६,०००. व्हिडिओ तोच, पांढरे मोजे, स्टुलामागे घेतलेला डावा पाय. मी खाली सगळं लिहिलं. अर्ध्या तासात माझी कमेंट गायब आणि मी ब्लॉक. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारसाहेब रजेवर होते.