प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनचं बोरिंग करून घेतलं, उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

बोरिंग म्हणजे इंजिनचे झिजलेले सिलिंडर आतनं कातून परत गोल करायचे आणि त्या मापाचे मोठे पिस्टन टाकायचे. सोलापुरात पार्क चौकात गाडी लावली की हमखास कोणतरी विचारतं, "बोरिंग केलंय म्हणजे पॉवर वाढली असेल की ओ?" नाही वाढली. पद्मिनीचा स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 75, चार सिलिंडरचे मिळून झाले 1089 सीसी. अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले की 1105 च्या आसपास. तेवढ्यानं काय होतंय? पिकअप सुधारलाय तो झिजेमुळं गेलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, परत आलं म्हणून.

काम काढलं ते बोअर लांबगोल झाले होते म्हणून. पिस्टनची वरची रिंग जिथनं मागं फिरते तिथं झीज जास्त, खाली कमी, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिथं अजून जास्त. नुसत्या रिंगा बदला म्हणणारे लई भेटले, पण गोल रिंग लांबगोल बोअरला सगळीकडं टेकणार कशी, थोडे दिवस धूर कमी आणि मग परत तेच. मेस्त्रींनी बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली, दोन्ही बाजूंनी मापं घेतली, मगच ब्लॉक एमआयडीसीत नेला.

पिस्टन आधी आणा, ब्लॉकबरोबरच लेथवाल्याला द्या. बोअर पिस्टन मोजून करायचा असतो, डब्यावरचा आकडा बघून नाही. बोरिंगला फायनल माप गाठत नाहीत, थोडा माल होनिंगला, म्हणजे दगडानं शेवटची घासाई करायला, ठेवतात, आणि होनिंगच्या त्या तिरप्या रेघा ऑइल धरतात म्हणून आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसला तर खूश होऊ नका. एकदम 1 मिमी ओव्हरसाइज घ्या असंही एकजण म्हणत होता, कशाला? पुढच्या वेळेला भिंतीत माल उरला पाहिजे, नाहीतर लायनर, म्हणजे आत नवीन नळी, ठोकायचा.

ब्लॉक घरी आल्यावर गरम पाणी, साबण, ब्रश. डिझेलनं होनिंगची बारीक पूड नीट निघत नाही. पांढरं फडकं फिरवून काळं यायचं थांबलं की लगेच ऑइलचा हात, नाहीतर बघता बघता गंज.

सुरुवातीला तुळजापूर रोडला स्पीड कमी जास्त करत फिरवली, एकाच स्पीडला धरली नाही, पहिलं ऑइल लवकर काढलं. खरी भीती मे महिन्याची होती, 42 च्या वर ऊन, सात रस्त्याला ट्रॅफिक आणि नवीन बांधलेलं इंजिन. पिस्टनचं क्लिअरन्स (बोअर आणि पिस्टनमधली फट) फार टाइट ठेवू नका म्हणून आधीच सांगितलं होतं, रेडिएटरपण साफ करून घेतला होता, टेंपरेचरचा काटा चढायचा पण लाल भागात गेला नाही. ऑइल टॉपअप बंद झालंय, मागं धूर नाही. अॅव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही, टॅपेटची (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाची) टिकटिक आहे तशीच आहे. सकाळी थंड इंजिनला पिस्टनचा हलका आवाज येतो, गरम झालं की जातो, मेस्त्री म्हणतात चालू द्या.

आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरलंच आहे तर व्हॉल्व गाइड, म्हणजे व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, बघून घ्या, बोअर नवीन आणि गाइड ढिले असले तर ऑइल तिथनं उतरतं, निळा धूर येतो आणि शिव्या बिचाऱ्या लेथवाल्याला बसतात.