दीड लाख किलोमीटरपुढची वॅगनआर आणि तिचं ऑइल: चौदा महिन्यांचा हिशेब

गेल्या वर्षी मे महिन्यात सासुरवाडीहून, म्हणजे बेळगावहून, गोव्यात साखळीला घरी परत येत होतो. चोर्ला घाट उतरताना एका वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली. पुसून परत घातली, परत ओढली. टोकाला थेंबसुद्धा नाही. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल इतकं खाली गेलं होतं की वळणावर ते एका बाजूला सरायचं आणि पंप हवा ओढायचा. दिवा वळणावरच लागत होता तो त्यामुळे.

खाली केरीकडे निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याला पैसे दिले. तो अर्ध्या तासाने दुकानातून बाइकचं २०डब्ल्यू-४० ऑइल एक लिटर घेऊन आला. ते ओतलं, पातळी खालच्या खुणेच्या जरा वर आली, आणि तसेच हळूहळू घरी पोचलो. अशा वेळी ग्रेड बघत बसायचं नसतं. ऑइल नसण्यापेक्षा कुठलंही इंजिन ऑइल बरं.

गाडी २०११ची वॅगनआर, के-सिरीजचं ९९८ सीसी पेट्रोल इंजिन. बाबांनी घेतलेली, आमची दोन्ही मुलं हिच्यातच हॉस्पिटलातून घरी आली. त्या दिवशी मीटर १,५८,००० च्या आसपास होता. शेवटची ऑइल बदली होऊन सहा हजार किलोमीटर झाले होते आणि मधल्या काळात मी एकदाही डिपस्टिक ओढली नव्हती. चूक पूर्णपणे माझी. तेव्हापासून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी सपाटीवर असताना पातळी बघायची आणि वरच्या खुणेपर्यंत किती ऑइल लागलं ते मुलांच्या औषधाच्या मापाने मोजून लिहायचं. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे गेलो. आमच्याकडे बरीच वर्षं गाड्या बघतात, माणूस प्रामाणिक. म्हणाले, "बाब, गाडी जुनी झाली की रिंगा ढिल्या पडतात. आता हिला जाड ऑइल घाला. वीस-पन्नास." हा सल्ला गोव्यातच नव्हे, सगळीकडे मिळतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पिस्टनच्या रिंगांच्या झिजलेल्या फटीतून जाड ऑइल कमी सुटतं. मी २०डब्ल्यू-५० मिनरल, म्हणजे साधं खनिज तेलाचं ऑइल, घातलं आणि जून ते ऑक्टोबर गाडी त्यावरच चालवली, साधारण ४,४०० किलोमीटर.

ऑइल कमी जायला लागलं हे खरं. हजार किलोमीटरला सुमारे २०० मिली. पण दोन गोष्टी खटकल्या. एक, सकाळी स्टार्ट केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पुढून, टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या चेनच्या) बाजूने, खडखड आवाज यायचा. पूर्वी तो नव्हता. या इंजिनात चेनचा ताण राखणाऱ्या टेन्शनरला ऑइलचा दाब लागतो. जाड ऑइल तिथे पोचायला वेळ घेतं. दुसरी, चढावर गाडी जड वाटायची. टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज आधी सतराच्या जवळ होतं ते सोळाच्या खाली आलं. पावसात ट्रॅफिकही जास्त असतं, म्हणून ॲव्हरेजवर मी फार भर देत नाही. चेनचा आवाज मात्र रोजचा होता.

इथे डब्यावरच्या आकड्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे सगळा घोळ त्यातच होतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची इंजिन स्टार्ट होण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. साखळीत जानेवारीची पहाट अठरा-वीस अंशांची. मग हा आकडा गोव्यात निरुपयोगी आहे असं मलाही वाटायचं. निव्वळ स्टार्ट होण्यापुरतं ते बरोबरही आहे. पण ऑइल थंड असतानाचा जाडपणा उणे तापमानातच सुरू होतो असं नाही. ४० अंशांना ५डब्ल्यू-३० ची चिकटता साठ-पासष्ट सेंटीस्टोक असते, तर २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या पुढे. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातसुद्धा सकाळच्या पहिल्या मिनिटांत इंजिन अडीचपट घट्ट ऑइल ढकलत असतं.

डब्ल्यूनंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. जुन्या गाडीच्या दृष्टीने आणखी एक आकडा माझ्या मते जास्त कामाचा आहे, पण तो डब्यावर छापत नाहीत: १५० अंशांना, बेअरिंगमध्ये रगडलं जाताना ऑइलचा थर किती टिकतो. ३० ग्रेडला हा आकडा किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतो, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. चोर्ला चढताना चार माणसं, सामान आणि एसी असेल तर हा फरक इंजिनाला कळतो.

ऑक्टोबरमध्ये मी गाडीच्या पुस्तिकेकडे वळलो. तिच्यात ५डब्ल्यू-३० सुचवलेलं आहे. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं ऑइल, घातलं, आणि पहिल्या हजार किलोमीटरलाच ४०० मिली गेलं. दुप्पट! चेनचा आवाज आठवड्याभरात थांबला, पण एवढं ऑइल जाताना बघून मन बसेना. मेस्त्री म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, बाब." खरं सांगतो, त्या क्षणी परत वीस-पन्नासवर जायच्या बेतात होतो.

जायच्या आधी एकच विचारलं: हे ऑइल नेमकं जातं कुठे? मेस्त्रींना एक सकाळ फक्त याच कामासाठी मागितली. त्यांनी कॉइल काढून पहिला स्पार्क प्लग बाहेर घेतला. प्लगच्या आट्यांवर काळं, ओलं ऑइल. टॉर्च मारून आत बघितलं तर प्लगच्या खड्ड्यात नखभर ऑइल साचलेलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांचे रबर सील उन्हाने-उष्णतेने असे कडक झाले होते की बोटाने दाबल्यावर तुकडा मोडला. सिग्नलला थांबल्यावर जळका वास यायचा तो इथून गळणाऱ्या ऑइलचा, मी मात्र पुढच्या ट्रकला दोष देत होतो. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह इंजिनातल्या वाफा परत इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या वाटेकडे, नेतो. कानाजवळ धरून हलवला की आतून टकटक आवाज यायला हवा. आमचा मुका होता, चिकट मळीने जाम. तो अडकला की वाफा नीट निघत नाहीत, आत दाब वाढतो, आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं.

पॅकिंग, सील, पीसीव्ही आणि मजुरी मिळून ऑइलच्या एका डब्यापेक्षा कमी खर्च आला. त्यानंतर त्याच ५डब्ल्यू-३० वर हजार किलोमीटरला २०० मिली. जाड ऑइलने जो आकडा दाखवला होता, तोच. इतके महिने वीस-पन्नासने गळती फक्त झाकून ठेवली होती, आणि बदल्यात मी चेनचा खडखडाट विकत घेतला होता.

उरलेले २०० मिली कुठे जातात ते मुलीने दाखवलं. डिसेंबरात पुन्हा बेळगावहून उतरताना ती मागच्या काचेतून बघत बसली होती. घाट संपला, अंजुणे धरणाच्या बाजूला मी ॲक्सिलरेटर दाबला आणि ती म्हणाली, "पप्पा, मागे निळा धूर!" एकदाच, ढगासारखा, मग काही नाही. लांब उतारावर आपण गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरतो तेव्हा इनटेकमध्ये जोराची पोकळी तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खाली ओढलं जातं. परत ॲक्सिलरेटर दिल्यावर ते एकदम जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर जोर लावतानाही धूर दिसत राहिला असता. तसा तो दिसला नाही. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) तपासून घेतलं, तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. म्हणजे बोअर-रिंगांचं मोठं काम नाही, फक्त व्हॉल्व्ह सील.

जानेवारीअखेर ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घातलं. ३० आणि ५० च्या मधली ही जागा आमच्या गाडीला मानवली. सकाळी ३० सारखीच झटकन चालू होते, चेन गप्प, घाटात तापल्यावर थर भक्कम. हजार किलोमीटरला ऑइल जातं १२० मिली. साडेपाच हजार किलोमीटरमध्ये हा आकडा दहा-वीस मिली इकडे-तिकडे झाला असेल, त्यापलीकडे हलला नाही. ॲव्हरेज पुन्हा साडेसोळाच्या वर.

हीच ग्रेड सगळ्यांनी घालावी असं मी म्हणणार नाही. तुमची गाडी दीड लाखानंतरही दोन बदल्यांच्या मधे टॉप-अप मागत नसेल तर पुस्तिकेतलं ऑइल सोडायचं काहीच कारण नाही. आणि १९९०च्या दशकातलं जुनं इंजिन असेल तर त्याच्या पुस्तिकेतच जाड ग्रेड दिलेली सापडेल. त्याला ५डब्ल्यू-३० घालणंही तितकंच चुकीचं.

सिंथेटिक घातलं की जुन्या गाडीला गळती लागते, हे मला निदान चार जणांनी सांगितलं. सिंथेटिक गळती तयार करत नाही. जुनी मळी साफ होते आणि आधीच मेलेल्या सीलची फट उघडी पडते. म्हणूनच मिनरलवरून आल्यावर मी पहिलं सिंथेटिक तीन हजारालाच फिल्टरसकट काढून टाकलं. ते काळंकुट्ट निघालं. इंजिन फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं, मात्र करू दिलं नाही. वर्षानुवर्षं चिकटलेली मळी एका झटक्यात सुटली तर ती पंपाच्या जाळीत जाऊन बसायची भीती. जास्त चाललेल्या गाड्यांसाठी म्हणून जी ऑइलं मिळतात, त्यांत रबर किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्यं असतात. नुकतं पाझरायला लागलेल्या सीलला त्यांचा उपयोग होतो, पण आमच्यासारखं पॅकिंग मोडूनच हातात आलं तर डबा बदलून काय होणार?

डब्यावर ग्रेडइतकंच बघायचं ते एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाचं अक्षर. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पेट्रोल गाडीला नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं. ते पाळलं की सर्वो, कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल यांच्यात माझ्या गाडीला तरी फरक जाणवणार नाही. उलट डबा खरा आहे का, याची काळजी जास्त घ्यावी. सील स्वतः तोडायचं, ऑइल आपल्यासमोर ओतून घ्यायचं आणि रिकामा डबा तिथेच फोडायचा, म्हणजे तो परत भरला जात नाही. काढलेलं ऑइल मेस्त्री पिंपात साठवून गोळा करणाऱ्याला देतात. माझ्या घरामागे विहीर आहे, त्यामुळे याबाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही.

आता पावसाचं. जुलै चालू आहे, आणि गोव्यातल्या गाडीवाल्यांनी हे वाचावंच. बायको शाळेत शिकवते. घर ते शाळा तीन किलोमीटर, आणि पावसात गाडी बहुतेक तिच्याकडेच असते. एवढ्या अंतरात रेडिएटरचं पाणी गरम होतं, ऑइल नाही. हवेतला ओलावा आणि जळणातून निघालेली पाण्याची वाफ आतच राहते. गेल्या ऑगस्टमध्ये ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला फिकट पिवळा, लोण्यासारखा थर. काळजाचा ठोकाच चुकला, वाटलं हेड गॅस्केट जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळलं. पण कूलंटची पातळी महिनाभर जराही उतरली नाही, गाडी तापली नाही आणि डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ होतं. थर फक्त झाकणालाच. रविवारी सगळ्यांना घेऊन मंगेशीला जाऊन आलो, मुद्दाम लांबच्या वाटेने. पुढच्या दोन रविवारी असंच केलं आणि थर गेला. यंदा जूनपासून दर रविवारी निदान चाळीस किलोमीटर गाडी पळवतो आणि झाकण बघतो. आतापर्यंत कोरडं आहे.

अशा वापरात दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, हा हिशेब मी सोडून दिला आहे. पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. मेअखेर बदली केली ती त्यामुळेच. पुढची चवथीनंतर येईल, तेव्हाच व्हॉल्व्ह सीलही बदलायचे ठरले आहेत. मेस्त्रींना आधीच सांगून ठेवलंय. आता तेच गिऱ्हाइकाला विचारतात, "पहिलं सांगा, पॅकिंग बघितलंय का?" आज सकाळची वहीतली नोंद: मीटर १,७१,३४०, टॉप-अप ६० मिली.